देज

लग्नात पैसा कोणाच्या घरातून कोणाच्या घरात जातो एवढं विचारलं, तरी माणूस कुठल्या वस्तीतला ते आमच्या खापरमध्ये कळतं. गाव अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचं. पश्चिमेला थोडं गेलं की गुजरातची हद्द लागते अन् सागबारा येतं, पूर्वेला अक्कलकुवा, उत्तरेला सातपुडा चढत जातो तो मोलगी, डाब, काठीकडे. बाजारपेठेच्या गावात असतात तशा सगळ्या जातीजमाती इथं आहेत. सडकेवरच्या दुकानदारांत अन् सपाटीच्या मोठ्या शेतकऱ्यांत मुलीचा बाप पैसे मोजतो, त्याला हुंडा म्हणतात. आम्हा भिल्लांत, म्हणजे वसावे, पाडवी, वळवी, तडवी या लोकांत, मुलाचा बाप मोजतो. त्याला देज म्हणतात. कोणी दहेज म्हणतं, पण हिंदी सिनेमातलं दहेज वेगळं अन् आमचं वेगळं, म्हणून मी देजच लिहितो.

एकाच बाजारात, एकाच कापडाच्या दुकानात दोन्ही लग्नांचा बस्ता बांधला जातो. एका गादीवर मुलीचा बाप घाम पुसत बसलेला असतो, दुसऱ्या गादीवर मुलाचा बाप. दुकानदाराला दोघंही सारखेच.

शाळेत असताना आम्हाला टोमणा ऐकावा लागायचा, की तुमच्यात पोरी विकतात. टोमणा मारणाऱ्याच्या घरी बहिणीच्या हुंड्यासाठी दोन बिघे शेत गहाण पडलेलं असायचं, पण ती इभ्रत. पोरीचे पैसे घेतले तर विक्री, पोराचे घेतले तर इभ्रत, हा हिशेब मला तेव्हाही पटला नाही अन् आता साठी उलटल्यावरही पटत नाही. पण म्हणून देज ही फार चांगली चाल, असंही मी म्हणणार नाही. तिची गोष्ट लांबलचक आहे. ती आमच्या घरातूनही जाते, म्हणून लिहायला घेतली.

माझ्या आईचं, आमच्या बोलीत याहाचं, देज एकशे वीस रुपये ठरलं होतं. वर एक पोतं ज्वारी, दोन बोकड, चांदीच्या वाक्या अन् मांडवात लागेल तेवढी मोहाची दारू. सन १९५७ च्या सुमाराची ही गोष्ट. बोलणी एका दिवसात झाली नाही. दोन्हीकडचे पंच बसले, मुलीकडच्यांनी दोनशे म्हटलं, मुलाकडच्यांनी ऐंशी म्हटलं. प्रत्येक आकड्याला ज्वारीचे दाणे जमिनीवर मांडायचे, समोरच्यानं त्यातले काही उचलून बाजूला करायचे. लिहिता कोणालाच येत नव्हतं, पण सगळ्या गावासमोर मांडलेले दाणे कोणी विसरत नव्हतं. पुढं पंचवीस वर्षांनीसुद्धा म्हातारे सांगू शकत, की अमक्याच्या बायकोचं देज एवढं होतं, त्यातलं एवढं फिटलं अन् एवढं राहिलं.

त्या पैशाचं आजोबांनी काय केलं? घरात ठेवले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यातून माझ्या मामाचं लग्न झालं. याहाचं देज मामीच्या बापाकडे गेलं, तिथून मामीच्या भावाच्या सासऱ्याकडे. असा तो पैसा एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात फिरत राहायचा. ज्या घरात बहीण नाही त्या घरातल्या भावाचं लग्न अडायचं. माझ्या पुतणीनं समाजशास्त्रात एम. ए. केलं. तिनं मला सांगितलं की जॅक गुडी नावाच्या इंग्रज विद्वानानं १९७३ साली नेमकी हीच चाल लिहून ठेवली आहे, आफ्रिकेतल्या जमातींची. बहिणीबरोबर आलेल्या गायी भावाच्या लग्नाला जातात. आमच्याकडे गायींच्या जागी ज्वारी अन् बोकड. आणखी एक तिनं सांगितलं. डेन्मार्कच्या एस्टर बोसरप नावाच्या बाईंनी १९७० च्या पुस्तकात म्हटलंय, की जिथं शेतात बाई राबते तिथं मुलाकडचे पैसे देतात, अन् जिथं नांगर पुरुषाच्या हातात असून बाई घरात बसते तिथं मुलीचा बाप देतो. मला हे वाचायला लागलं नाही. डोंगरात निंदणी, कापणी, मोहफुलं वेचणं, चारोळी गोळा करणं, पाणी, लाकूडफाटा, सगळं बाईच करते. ती एका घरातून गेली की त्या घराचे दोन हात जातात. देज त्या हातांचं.

पण हातांचं मोल ठरलं तरी ते हातांच्या मालकिणीला कधी मिळालं नाही. याहाच्या वाट्याला फक्त वाक्या आल्या. त्याही मी चौथीत असताना दुष्काळात गेल्या.

एकशे वीस रुपये आज ऐकायला काहीच वाटत नाहीत. माझ्या बापाकडे तेव्हा वीससुद्धा नव्हते. त्यानं सपाटीच्या एका जमीनदाराकडून उचलले अन् सालदार राहिला. खानदेशात साल अखाजीला धरतात, अखाजीलाच सुटतं. पहिली अखाजी आली तेव्हा हिशेब झाला. खाल्लेली ज्वारी, अंगावरचं धोतर, आजारपणाचे खाडे, असं सगळं वजा करून कर्ज होतं तेवढंच राहिलं. दुसऱ्या सालाला याहाही त्याच्याबरोबर गेली. ती शेणगोठा करायची, तो बैल हाकायचा. दोघांनी मिळून दोन सालं घातली तेव्हा ते एकशे वीस फिटले. म्हणजे याहानं आपल्या लग्नाच्या कर्जातलं निम्मं स्वतः राबून फेडलं. ही काही आमच्याच घरची कहाणी नाही. तळोदा-शहाद्याच्या पट्ट्यात सालदारांची विचारपूस केली असती तर साल धरायचं कारण बहुतेकांनी एकच सांगितलं असतं : लग्न केलं.

हे साल तोडायला माणसं उभी राहिली ती पुढं. अंबरसिंग महाराजांनी शहादा भागात भिल्लांना एकत्र करायला सुरुवात केली, अन् १९७२ ला श्रमिक संघटना झाली. जमिनी परत मिळवणं अन् सालदाराची मजुरी ठरवून घेणं, या मागण्या सगळ्यांना माहीत आहेत. कमी सांगितली जाते ती बायकांची बाजू. त्या सुमारास शहाद्याच्या आदिवासी बायकांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली अन् बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. आमच्या भागात ही बातमी बाजारातून आली. बाप्ये हसले. याहा हसली नाही, एवढं मला आठवतं.

दारू बंद करण्याची गोष्ट मात्र त्याच्याही आधीची. १९२२ च्या शेवटाकडे देवीची चळवळ उठली. किनाऱ्याकडून डोंगराडोंगरानं ती डांगात, सुरत जिल्ह्यात अन् खानदेशात पसरली. देवी अंगात यायची अन् सांगायची, दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. नंतर १९३७–३८ मध्ये तळोद्याकडच्या मोरवडजवळ, ज्याला आता रंजनपूर म्हणतात, तिथं गुलाम महाराजांनी आप धर्म सुरू केला. सोमवारी आरतीला हजारोंनी माणसं जमायची. एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, दारू शिवायची नाही. महाराज १९३८ मध्येच वारले, पण त्यांचे लोक अजून आहेत. त्यांच्यामुळं लग्नात एक बदल झाला तो असा. देज बोलताना दारूचं मडकं मध्ये ठेवायची रीत होती. दारू प्यायल्याशिवाय बोलणी पक्की होत नसे, अन् प्यायल्यावर आकडा वाढत जाई. आपवाल्यांच्या घरी गूळ ठेवायला लागले. गुळावर बोलणी लवकर उरकतात, आकडाही फार चढत नाही. आमच्या म्हाताऱ्यांचं मत मात्र पडलं, की गुळावरच्या लग्नाला मजा नाही.

आता देजाच्या बाजूनं जे बोलतात ते एक गोष्ट नेहमी सांगतात, अन् ती खरी आहे. आमच्यात बाईला मोकळीक असते. भोंगऱ्या बाजारात, होळीत, देवमोगराच्या जत्रेत पोरंपोरी एकमेकांना पाहतात. मन बसलं की पळून जातात. दोन-चार दिवसांनी मुलाचा बाप पंचांना घेऊन मुलीच्या घरी जातो, थोडा दंड, थोडी शिवीगाळ, मग देज ठरतं अन् सगळं सुरळीत. आडनाव एकच असलं तरी चालतं, कूळ वेगळं पाहिजे. मुलगा गरीब असला अन् देज जमत नसलं तर तो मुलीच्या घरी राबायला राहतो. गुजरातच्या बाजूला त्याला खांधाडियो म्हणतात. ठरल्या वर्षांची मेहनत हेच त्याचं देज. कैक जोडपी मांडव न घालताच संसाराला लागतात. पैसे जमतील तेव्हा मांडव. मी अशा एका मांडवात जेवलोय, जिथं नवरदेवाचा मुलगा वाढायला होता. त्याला कोणी नाव ठेवत नाही. लग्नाआधीचं मूल म्हणून आमच्यात कोणाला शिवी नाही. विधवेनं पांढऱ्या कपाळानं बसायची चाल नाही. अन् नवरा नको झाला तर बाई निघून जाऊ शकते.

निघून जाऊ शकते, पण देजाचं काय?

माझी मावशी गेली होती. याहाहून धाकटी. तिचा नवरा प्यायचा अन् मारायचा. एकदा डोक्यात लाकूड घातलं, तेव्हा ती माहेरी आली. आजोबांनी तिला ठेवून घेतली पण चार महिन्यांतच त्यांचा जीव टांगणीला लागला, कारण नवऱ्याकडचे पंच देज परत मागायला येऊन बसले. ते पैसे तर मामाच्या लग्नात गेले होते. कुठून आणायचे? मावशीनं परत नांदायला जावं असं घरातले कोणी तोंडानं बोललं नाही, पण तिच्या ताटात भाकर टाकताना सगळ्यांच्या मनात तेच होतं. हे याहानंच मला सांगितलं. शेवटी दुसऱ्या एका माणसानं तिला मागणी घातली. त्यानं बैलजोडी विकली अन् पहिल्या नवऱ्याचा झगडा भरून दिला. आमच्याकडे झगडा म्हणजे असं भांडण पैशानं तोडणं. पंचांनी हिशेब लावला : देज एवढं, लग्नाचं जेवण एवढं, त्यातून ती सहा वर्षं राबली म्हणून एवढं कमी. राबणूक वजा करायची रीत होती हे पंचांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

मावशीची दोन मुलं होती, ती पहिल्या नवऱ्याकडे राहिली. देज ज्यानं भरलं, मुलं त्याच्या कुळाची. त्यावर पंचांत चर्चासुद्धा झाली नाही. दरवर्षी महाशिवरात्रीला मावशी देवमोगराला जायची. आमच्या याहामोगीचं ठाणं, सागबारा तालुक्यात. आईचं नवं धान्य वाहायला सगळे जातात, पण ती जायची पोरांसाठी. पहिल्या घरची माणसं कुठं उतरतात ते तिला ठाऊक होतं. थोरला बारा वर्षांचा झाला तेव्हा तिला पाहून तोंड फिरवायला लागला. धाकटा येऊन बसायचा, तिनं आणलेलं खायचा. ती वारली तेव्हा तो आला होता. थोरला आला नाही.

देजाला कोणी स्त्रीचा सन्मान म्हणालं की मला मावशी आठवते. अन् कोणी विक्री म्हणालं की तेही पूर्ण पटत नाही, कारण विकत घेतलेली वस्तू उठून निघून जात नाही, अन् तिच्या सहा वर्षांच्या कामाची कोणी वजावट धरत नाही. हुंड्याच्या घरातली बाई तर निघूनही जाऊ शकत नव्हती. तिच्यासाठी विहीर होती. सपाटीच्या गावांत त्या काळी कुठल्या विहिरीत कोण गेली ते आम्हाला राबायला गेल्यावर कळायचं.

सालदारकी संपली तशी देजाला दुसरी वाट फुटली, ती गुजरातची. बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी या साखर कारखान्यांच्या उसाला खानदेशातून तोडकरी जायला लागले. जान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकानं सत्तरच्या दशकापासून या तोडकऱ्यांवर लिहिलंय. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. कोयता म्हणजे तोडणारा अन् मोळी बांधणारी, नवरा अन् बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकट्या पोराला उचल देताना तो हात आखडतो. मग पावसाळ्यात बाप मुकादमाकडे जातो अन् सांगतो, याचं लग्न करतोय, दिवाळीनंतर कोयता पूर्ण होईल. मुकादम त्या बोलीवर पैसे देतो. त्या पैशातून देज भरलं जातं, डीजे लागतो, मांडव पडतो. दिवाळी झाली की नवरी ट्रकमध्ये बसते अन् पाच-सहा महिने ऊस बांधून आपल्याच देजाची उचल फेडते. माझ्या याहानं दोन सालं शेण काढलं, या पोरी मोळ्या बांधतात. फरक इतकाच की तेव्हा देज बोलताना आकडा शंभरात असायचा, आता आमच्या पाड्यांत पन्नास हजारांच्या पुढं बोलतात. नोकरीवाला असला तर त्याच्याकडून जास्त मागतात.

याच्यामुळं लग्नं लवकर होतात. सोळाव्या, सतराव्या वर्षी. मुलीचं अठरा, मुलाचं एकवीस हा कायदा सगळ्यांना माहीत आहे, २००६ चा बालविवाहाचा कायदा आम्हालाही लागू आहे. पण पळून गेलेल्या पोरीला पंच परत पाठवत नाहीत अन् कोयता रिकामा ठेवत नाहीत. मग ती बाळंतपणाला दवाखान्यात जाते, वय लिहिलं जातं, अन् २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली नवरा जेलात. पोरगी पोटातलं घेऊन माहेरी. उचल तशीच. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. सतरा वर्षांच्या पोरीचं अंग बाळंतपणाला तयार नसतं. आमच्या जिल्ह्यातलं कुपोषण कुठून सुरू होतं ते अंगणवाडीची ताई कोणालाही सांगेल. पण जेलात जातो तो अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. ज्यानं उचल दिली तो मुकादम अन् ज्यांनी कोयते मोजले ते कारखाने कोणत्याच कागदावर येत नाहीत.

सपाटीवर काय चाललंय तेही पाहण्यासारखं आहे. तिथं पोरीच कमी झाल्या. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं मुली होत्या ८९४, बीडमध्ये तर ८०७. नंदुरबारला त्याच मोजणीत ९४४ होत्या, अन् आमच्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत दर शंभरात एकोणसत्तर आदिवासी. हुंड्याच्या धाकानं पोट तपासून पोरी पाडल्या, हे त्या आकड्यांत दिसतं. देज घेणाऱ्याला पोरगी झाली म्हणून रडायचं कारण नव्हतं. आता तिकडच्या शेतकरी पोरांची तिशी-पस्तिशी उलटते अन् लग्न जमत नाही. मग दलाल येतात. लाख-दोन लाख घेऊन कुठून तरी मुलगी आणून देतात, कधी आमच्याच डोंगरातली, कधी दुसऱ्या राज्यातली. दलाल अर्धे खातो, मुलीच्या बापाच्या हातात थोडे पडतात. काही नवऱ्या आठ दिवसांत दागिने घेऊन पळतात, त्याच्या बातम्या छापून येतात. ज्या गेल्या अन् मागं कोणी विचारलं नाही त्यांच्या बातम्या येत नाहीत. याला ते लोक देज म्हणत नाहीत, ‘खर्च’ म्हणतात. पण पंच नाहीत, दाणे मांडलेले नाहीत, अन् मुलीला नको झालं तर झगडा तोडायला कोणी नाही. आमच्या देजाचे सगळे दोष यात आहेत. त्याची राखण यात काहीच नाही.

अन् आमच्याकडे उलटं. शिकलेली पोरं मास्तर, ग्रामसेवक, पोलिस झाली, ती मोटारसायकल मागायला लागली. मुलीचा बाप कपाट, पलंग, फ्रीज देतो, त्याला ‘भेट’ म्हणतात. एकाच लग्नात देजही अन् भेटही, असं मी दोनदा पाहिलं. सरकारची आदिवासींसाठी कन्यादान योजना आहे, सामूहिक विवाहात लग्न केलं तर जोडप्याला मदत मिळते. मदत चांगली. पण नाव ठेवताना आमच्यातल्या कोणाला तरी विचारायला हवं होतं. ज्या समाजात पोरगी दान करतच नाहीत, दाणे मांडून मोजतात, त्यांना कन्यादान!

कायद्याचं म्हणाल तर देज कायद्यात बसतं की नाही हाही घोळच आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात लग्नातल्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला दिलेलं असा अर्थ आहे, म्हणजे शब्द धरले तर देणारा मुलाचा बाप असला तरी बसतं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा मात्र अनुसूचित जमातींना लागू नाही, केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय. कलम दोनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. वारशाचा १९५६ चा कायदाही तसाच. म्हणजे २००५ ला हिंदू मुलींना बापाच्या जमिनीत मुलाएवढा वाटा मिळाला, तो आमच्या मुलींना त्या कायद्यानं मिळाला नाही. रूढी काय ती. अन् रूढी सांगणार कोण, तर पंच. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राला सांगितलं, की आदिवासी मुलींना वारशातून वगळणारी तरतूद पुन्हा तपासा. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात त्याच कोर्टानं आजोबांच्या जमिनीत मुलीच्या वारसांना समान हिस्सा दिला. आमच्या पाड्यात ही बातमी मी वाचून दाखवली. एक म्हातारा म्हणाला, पोरीला जमीन द्यायची तर देज कशाला घ्यायचं? मागं बसलेली त्याची सून म्हणाली, मग नका घेऊ. म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला.

माझ्या दोन मुली. थोरलीच्या वेळी मी देज घेतलं, तिनं ते आपल्या नावावर पोस्टात ठेवायला लावलं. धाकटीच्या वेळी घेतलं नाही, तर व्याही काळजीत पडले, की पोरीत काही खोट तर नाही ना. शेवटी पंचांच्या समाधानाला सव्वा रुपया मांडला.

खरी अडचण येते ती कागदाची. मांडव घातलेला नाही, नोंदणी नाही, दाखला नाही. नवरा मेला की बाईला सिद्ध करावं लागतं की ती बायको होती. अशा वेळी दोन हजार सहाच्या वनहक्क कायद्यानं एक चांगलं काम केलं. त्यात लिहिलंय, की जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा. जास्तीत जास्त चार हेक्टर. विकता येत नाही, पण वारसाला जातो. आमच्या भिल्ल बायकांची नावं सातबाऱ्यावर फारशी कधी लागली नव्हती, ती पट्ट्यावर लागली.

डोंगराकडच्या पाड्यात माझा एक चुलत भाऊ राहतो. त्याचा दावा ग्रामसभेपुढं आला तेव्हा वरून आलेल्या कारकुनानं वहिनीकडे बघून विचारलं, लग्नाचा पुरावा काय? भावानं तिला पळवून आणलेली, मांडव घालायचा राहूनच गेलेला, नातवंडं झालेली. सभा गप्प झाली. मग वहिनीच्या माहेरचा एक म्हातारा, काठी टेकत उठला. म्हणाला, देजाला मी होतो. सातशे रुपये, दोन पोती ज्वारी अन् एक बोकड. बोकड लंगडा निघाला म्हणून वीस रुपये कमी केले. त्या कायद्याच्या नियमांत जमिनीच्या पुराव्यासाठी गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो, तो लिहून घेतात. वनहक्क समितीनं हाही तसाच लिहून घेतला, बोकडासकट. खाली म्हाताऱ्याचा अंगठा.

पट्टा यायला तीन वर्षं लागली. त्यावर दोघांची नावं होती. वहिनीचं चुकीचं लिहिलं होतं, ते दुरुस्त व्हायला आणखी एक वर्ष गेलं.